सेफ्टी कोऑर्डिनेटर म्हणून नेमणूक झाली, आता नेमकं काय करायचं?

प्रश्न: मी धातूकामाच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. १२० माणसं, दोन शिफ्ट. कटिंग, प्रेस, वेल्डिंग आणि पेंटिंग असे विभाग. मूळ काम तसंच ठेवून आता सेफ्टी कोऑर्डिनेटरची जबाबदारीही माझ्याकडे दिली आहे. ‘रजिस्टरं पूर्ण ठेवा आणि सगळे हेल्मेट-गॉगल घालतात का बघा’, एवढंच सांगितलं गेलं. मी दिसलो की माणसं गॉगल चढवतात, पाठ फिरली की काढतात. काम थांबवायचा अधिकार मला आहे की नाही, हेही माहीत नाही. उद्या अपघात झाला तर तो माझ्यावर येईल का? सुरुवात कुठून करू आणि यासाठी वेळ किती काढू?

उत्तर: अपघात झाला तर कोणावर येईल, हा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळं काम चुकत जातं. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षितता ही त्या विभागाच्या सुपरवायझरची आणि त्याच्या वरच्या मॅनेजरची जबाबदारी असते. कोऑर्डिनेटर नेमला म्हणून ती त्यांच्या खांद्यावरून उतरत नाही. धोका शोधणं, तो काबूत आणायचा उपाय सुचवणं, त्या उपायाला एक माणूस आणि एक तारीख चिकटवणं आणि तारीख उलटली की वरपर्यंत कळवणं, हे तुमचं काम. मशीनच्या धोक्याच्या भागावर गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, बसवायचं काम मेंटेनन्सचं, आणि ते बसल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही हे पाहायचं काम विभागाच्या सुपरवायझरचं.

तुमच्या बाबतीत एक गुंता आहे. तुमच्या स्वतःच्या शिफ्टचे सुपरवायझर तुम्हीच आहात, म्हणजे तिथे जबाबदारही तुम्ही आणि तपासणारेही तुम्ही. तुमच्या शिफ्टची पाहणी दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरला करू द्या, त्याच्या शिफ्टची तुम्ही करा. रोजच्या सवयीची चूक आपल्या नजरेला दिसेनाशी होते, ती परक्या नजरेला पहिल्या फेरीत दिसते.

नेमणूक तोंडी असेल तर ती लेखी मागा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. सुरक्षिततेच्या बाबतीत तुम्ही थेट कारखान्याच्या प्रमुखांना कळवाल, उत्पादनाच्या मॅनेजरमार्फत नाही. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर तुम्हाला काम थांबवता येईल, आणि थांबवलेलं काम पुन्हा सुरू करायला कोणाची सही लागेल. आठवड्याचे किती तास या कामाला मिळतील. आणि अपघात, फर्स्ट एड, मशीन बिघाड यांच्या नोंदी तुम्हाला केव्हाही पाहता येतील. यातली दुसरी गोष्ट मिळाली नाही तर बाकीच्या तीन फारशा कामाच्या नाहीत, म्हणून तिच्यासाठी अडून राहा.

सुरुवात हेल्मेटपासून करू नका. फर्स्ट एडच्या रजिस्टरची मागच्या दोन-तीन वर्षांची पानं आणि मेंटेनन्सचं बिघाडाचं रजिस्टर घेऊन बसा. कापसाची पट्टी कोणत्या मशीनवर, कोणत्या वेळी, कोणतं काम करताना लागली, एवढंच एका कागदावर उतरवा. बहुतेक कारखान्यांत दिसतं ते असं की जखमा नेहमीच्या उत्पादनात कमी आणि मधल्या कामांत जास्त होतात: अडकलेला तुकडा काढताना, प्रेसचा साचा, म्हणजे डाय, बदलताना, साफसफाई करताना, ट्रायल घेताना. कामाच्या लेखी सूचनांत मात्र नेमकी हीच कामं नसतात.

मग फिरा, पण रोज सगळा कारखाना नको. एक दिवस एक काम. मशीनजवळ निदान अर्धा तास थांबा, ऑपरेटरला आधी सांगून थांबा, आणि सेटिंगपासून सफाईपर्यंत त्या कामाची एक फेरी पूर्ण पाहा. ‘या कामात तुला भीती कशाची वाटते?’ आणि ‘मशीन अडलं की तू काय करतोस?’ हे दोनच प्रश्न विचारा. दुसऱ्या शिफ्टची एक फेरी शिफ्ट संपायच्या आधीच्या तासात घ्या. थकवा आणि घाई तेव्हाच दिसते.

सापडलेल्या प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्यायची पद्धत आहे: घडण्याची शक्यता १ ते ५ आणि इजा किती गंभीर तेही १ ते ५. दोन्हींचा गुणाकार जितका मोठा, तितकं ते काम आधी. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. रोज होणाऱ्या ओरखड्याचा गुणाकार ५ येतो आणि क्वचित होणाऱ्या मृत्यूचाही ५च येतो. म्हणून गंभीरतेला ४ किंवा ५ मिळालेल्या गोष्टींची वेगळी यादी करा आणि शक्यता कितीही कमी वाटली तरी त्यांना आधी हात घाला. तुमच्याकडे त्या यादीत प्रेस, वीज, क्रेनखालचा भार, फोर्कलिफ्ट, उंचीवरचं काम, पेंटिंगची वाफ आणि टाकीत उतरणं हे सगळं येईल.

आता गॉगलच्या तक्रारीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. समजा, कटिंग मशीनचं गार्ड काढून बाजूला ठेवलेलं तुम्हाला दिसलं. ऑपरेटरला झापलंत तर ते लागेल आणि तासाभराने पुन्हा निघेल. त्याऐवजी का काढलं ते विचारा. उत्तर बहुधा असं मिळेल: आत बुरा साठतो, दर तासाला काढावा लागतो. गार्ड सहा बोल्टवर बसलंय, पाना मेंटेनन्सकडे असतो, उघडून पुन्हा बसवायला पंधरा मिनिटं जातात आणि टार्गेट मात्र तेवढंच राहतं. एकदा उघडलेलं गार्ड मग दिवसभर जमिनीवर राहतं. इथे सूचनेचा फलक लावून काही होणार नाही. बुरा बाहेर पडायची वाट रुंद केली तर मुळात तो साठणारच नाही. गार्डला बिजागरी आणि इंटरलॉक स्विच बसवला तर पाना लागणार नाही आणि गार्ड उघडताच वीज तुटेल. तरी एक गोष्ट तपासायची राहते: वीज तुटल्यावर पातं थांबायला किती सेकंद घेतं? ते घड्याळ लावून मोजा. हात पोचायच्या आत पातं थांबत नसेल तर फिरणं पूर्ण थांबेपर्यंत न उघडणारं कुलुपाचं गार्ड लागेल, किंवा पात्याला ब्रेक. आणि दर आठवड्याला इंटरलॉक चालवून पाहा, कारण साध्या चुंबकी स्विचवर दुसरं चुंबक चिकटवून तो फसवता येतो.

उपायांचा क्रम नेहमी असाच वरून खाली लावायचा. धोका काढूनच टाकता येतो का, कमी धोक्याचं काही वापरता येतं का, गार्ड किंवा एक्झॉस्टसारखी यंत्रणा बसवता येते का, कामाची पद्धत बदलता येते का, आणि हे सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी गॉगल, हातमोजे, मास्क. गॉगल शेवटी यायचं कारण असं की तो धोक्याला काहीच करत नाही आणि माणसाने प्रत्येक क्षणी आठवणीने घालावा लागतो. ‘पाठ फिरली की काढतात’ याचंही कारण शोधा. काचेवर वाफ धरते का, चष्म्यावर बसत नाही का, एकच माप सगळ्यांना दिलंय का? तीन-चार प्रकारचे गॉगल आणून माणसांना आठवडाभर वापरून निवडू द्या. फिरत्या शाफ्टजवळ किंवा ड्रिलवर सैल हातमोजे मात्र नकोतच. ते बोटाला वाचवायचं सोडून अख्खा हात आत ओढतात.

लहान वाटणाऱ्या, पण आकड्यात मोजता येणाऱ्या गोष्टी आधी दुरुस्त करा. बेंच ग्राइंडरवर टूल रेस्ट (तुकडा टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चाकाच्या झाकणावरच्या जिभेची (पुढे-मागे सरकवायच्या पट्टीची) फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढते आणि धरलेला तुकडा आत खेचला जातो. नवं चाक बसवण्याआधी त्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते पाहा, आणि लाकडी मुठीने हलके ठोकून आवाज ऐका; खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर चाकाला चीर आहे, ते टाकून द्या. टेकवून उभी करायची शिडी चार मीटर वर टेकत असेल तर पाया भिंतीपासून एक मीटर पुढे असावा, आणि जिथे उतरायचं तिथून शिडी एक मीटर वर निघावी. आवाज ८५ डेसिबल असेल तर आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोनच.

उंचीवरच्या कामात सेफ्टी हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, घातला म्हणजे माणूस वाचला असं समजू नका. पाठीवरच्या कडीच्या उंचीला दोरीचा हूक अडकवला, तरी १.८ मीटरची दोरी, झटका सोसताना शॉक अॅब्सॉर्बर ताणला जाऊन जवळपास १.१ मीटर, कडीपासून पायापर्यंतचं शरीर आणि थोडी मोकळीक धरून हूकपासून खाली साधारण साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. हूक पायाशी अडकवला तर त्याहून जास्त. जागा तेवढी नसेल तर दोरी छोटी घ्या किंवा हूक डोक्याच्या वर न्या. आणि लोंबकळलेल्या माणसाला मिनिटांत खाली कसं आणणार ते आधीच ठरलेलं असावं.

यानंतर तुमची सगळ्यात जास्त ताकद जावी ती मशीन बंद करून कुलूप लावायच्या पद्धतीवर, म्हणजे लॉकआउट-टॅगआउटवर. दुरुस्तीला हात आत असताना दुसऱ्याने बटण दाबणं हा जुना आणि टाळता येण्यासारखा मृत्यू आहे. क्रम असा: मशीनवर काम करणाऱ्या सगळ्यांना सांगा, नेहमीच्या बटणाने मशीन थांबवा, मुख्य आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद करा, दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने आपलं स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा, साठलेली शक्ती काढा, आणि शेवटी स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना ते पाहा. मग बटण पुन्हा बंद स्थितीत आणा.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली, इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणजे मशीन बंद असं मानणं. तो फक्त कंट्रोलचं सर्किट तोडतो, मुख्य वीज पॅनेलपर्यंत तशीच असते. दुसरी, साठलेली शक्ती विसरणं. हवेच्या लाइनमधला दाब, हायड्रॉलिकचा अॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी), दाबलेली स्प्रिंग, ड्राइव्हमधले कपॅसिटर आणि वर उचललेला प्रेसचा रॅम (वर-खाली होणारा जड भाग) यांना वीज तोडल्याने काही होत नाही. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे त्याला खाली येऊ न देणारा ठोकळा, लावा, हवा सोडून गेज शून्यावर आलेला पाहा, कपॅसिटर उतरायला मशीनवर लिहिलेली मिनिटं थांबा. वीज नाही हे टेस्टरने पाहताना टेस्टर आधी चालू लाइनवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर लावा. नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असंच सांगतो. पाच माणसं काम करत असतील तर पाच कुलपं. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याचं कुलूप येणाऱ्याचं लागल्यावरच निघेल. प्रत्येक मशीनसाठी कोणता आयसोलेटर, कोणता व्हॉल्व्ह, काय साठलेलं असतं, याचं एक पान फोटोसकट करून मशीनवरच लावा. सगळ्या मशीनची पानं व्हायला महिने जातील. प्रेसपासून सुरू करा.

परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाआधी लेखी परवानगी घ्यायची, पद्धत कारखान्यात नसेल तर निदान तीन कामांसाठी आणा: पेंटिंगजवळ किंवा बाहेर कुठेही वेल्डिंग-कटिंग, उंचीवरचं काम आणि बंद जागेत उतरणं. वेल्डिंगच्या परमिटमध्ये सगळ्या बाजूंनी ११ मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नाही, हलवता न येणारं झाकलेलं आहे, भिंतीतली भोकं बुजवलेली आहेत, एक माणूस अग्निशामक घेऊन फक्त पाहायला उभा आहे आणि काम संपल्यावरही तो तासभर थांबणार आहे, एवढं असू द्या. ठिणगी फटीत पडून सावकाश धुमसते, आग बऱ्याचदा सगळे निघून गेल्यावर लागते. टाकीत उतरण्याआधी मीटरने वर, मधे आणि तळाशी हवा तपासा: आधी ऑक्सिजन, तो १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा. मग ज्वलनशील वाफ, ती पेट घेण्याच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांच्या खाली. मग विषारी वायू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऑक्सिजन कमी असला की ज्वलनशील वाफ मोजणारे बरेचसे सेन्सर चुकीचा कमी आकडा दाखवतात. बाहेर उभा असलेला माणूस कोणत्याही परिस्थितीत आत उडी मारणार नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. बंद जागेत एक पडला की त्याला काढायला गेलेलेही जातात, हे वारंवार घडलेलं आहे.

परमिट नुसतं भरून भागत नाही, ते योग्य माणसाला दिसावं लागतं. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसं गेली. चौकशीतून पुढे आलेलं चित्र असं: एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणाची चकती बसवली होती. पंपाचं परमिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्रीच्या शिफ्टला व्हॉल्व्हबद्दल कळलंच नाही. चालू असलेला दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच सुरू केला आणि त्या चकतीतून वायुगळती झाली. तुमच्याकडे दोन शिफ्ट आहेत. एका मशीनची सगळी परमिटं एकाच फलकावर, एकत्र लावा, आणि शिफ्ट बदलताना दोन्ही सुपरवायझर त्या फलकासमोर उभे राहून बोलतील असा नियम करा.

थोडक्यात वाचलेल्या घटना, ज्यांना निअर मिस म्हणतात, त्या कळायला लागल्या की तुमचं काम जमायला लागलं असं समजा. महिनाभर एकही नोंद आली नाही तर आनंद मानू नका, माणसं सांगत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. नाव न लिहिता चार ओळींत भरता येईल असा कागद ठेवा, आणि आलेल्या प्रत्येक नोंदीवर काय केलं हे आठवड्याच्या आत फलकावर लावा, ‘अजून झालेलं नाही, अमुक तारखेला होईल’ हे सुद्धा. ज्याने स्वतःची चूक सांगितली त्याला त्यासाठी एकदा जरी शिक्षा झाली तरी पुढे वर्षभर कोणी बोलणार नाही. हे मॅनेजरांना आधीच पटवून त्यांचा शब्द घ्या. माणसं तुम्हाला टाळतात त्यावरही उपाय हाच आहे: तुम्हाला सांगितलं की काहीतरी दुरुस्त होतं, हे त्यांनी दोन-चार वेळा पाहायला हवं.

अपघात झालाच, तर आधी जखमी, मग जागा सुरक्षित, मग काहीही न हलवता फोटो. पाहणाऱ्यांशी त्याच दिवशी, एकेकट्याने बोला. एकत्र बसवलं की सगळ्यांची आठवण एकसारखी होते. अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहून थांबू नका. तेलावरून पाय घसरला. तेल का होतं, सील गळत होतं. सील का बदललं नाही, तक्रार नोंदवली पण सुटा भाग मागवलाच नव्हता. का, तर बंद न पडलेल्या मशीनची कामं मागे पडतात. ‘लक्ष देऊन चाला’ असं सांगून यातलं काहीही सुटत नाही. सील गळतीची तक्रार आठ दिवसांत निकालात काढायचा नियम केला तर सुटतं.

महिन्याच्या अहवालात अपघाताचा दर मागितला जाईल. कामावर न येण्याइतक्या जखमा गुणिले १० लाख, भागिले कामाचे एकूण तास, हे एक रूढ सूत्र. तुमचे १२० जण वर्षाला प्रत्येकी २,४०० तास धरले तर २,८८,००० तास होतात. एका जखमेला दर येतो सुमारे ३.५, दोन झाल्या की ६.९. इतक्या लहान संख्येवर तो आकडा एका घटनेने दुप्पट होतो, त्यावरून सुधारणा ओळखता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा द्या: ठरलेल्या सुधारणांपैकी किती तारखेच्या आत झाल्या. हा आकडा मॅनेजरांच्या हातात आहे, म्हणून तोच त्यांच्यापुढे ठेवायचा.

पेंटिंगसाठी रसायनांचे सेफ्टी डेटा शीट काढा. १६ भागांच्या त्या कागदात रोजच्या कामाला भाग ४ प्रथमोपचाराचा, ७ साठवण्याचा आणि ८ मास्क-हातमोज्यांचा. थिनर पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेला दिसला तर तिथल्या तिथे बंद करा. डोळे धुवायचा नळ दहा सेकंदांत पोचता येईल इतका जवळ हवा, पंधरा मिनिटं सलग धुता यायला हवं आणि दर आठवड्याला तो चालवून पाहायला हवा, म्हणजे आत साठलेलं गढूळ पाणी निघून जातं. अग्निशामक महिन्यातून एकदा: जागेवर आहे, वाट मोकळी आहे, सील शाबूत, काटा हिरव्यात. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावर तपासायचा. मॉक ड्रिलमध्ये एकदा तरी नेहमीचा दरवाजा मुद्दाम बंद ठेवा आणि ठेकेदाराच्या माणसांसकट डोकी मोजा.

काम थांबवायची वेळ आली तर आवाज चढवू नका. काय धोका आहे, काय केलं की काम सुरू होईल आणि ते करायला कोण हवं, ही तीन वाक्यं ऑपरेटरच्या सुपरवायझरला सांगा, आणि लगेच वेळ घालून लिहून ठेवा. ‘हे धोकादायक आहे, बंद करा’ म्हणून निघून गेलात तर तुमच्या मागे काम पुन्हा सुरू होईल. ‘रॅमखाली ब्लॉक लावला की सुरू करा, ब्लॉक स्टोअरमध्ये आहे’ असं म्हटलंत तर दहा मिनिटांत ब्लॉक लागलेला असेल.

वेळेचं म्हणाल तर १२० माणसं आणि तुमच्यासारखी कामं असताना आठवड्याला दहा तासांच्या खाली हे नीट होणार नाही, असं आमचं मत. रोज अर्धा तास एका कामाजवळ. आठवड्यातून एकदा सुपरवायझरांसोबत बाकी राहिलेल्या सुधारणांची यादी, तीही उभ्याने, वीस मिनिटांत. दोन-तीन तास लॉकआउटच्या पानांसाठी मेंटेनन्सच्या माणसाबरोबर. नवा माणूस किंवा ठेकेदाराची टोळी आली की मशीनला हात लावण्याआधीचा तास त्यांचा. उरलेल्या वेळात परमिटची तपासणी आणि चौकशा. रजिस्टरं सगळ्यात शेवटी. दहा तास मिळत नसतील तर मागितलेले आणि मिळालेले तास दर महिन्याच्या अहवालात पहिल्या ओळीत लिहीत जा, आणि न झालेल्या कामांची यादी त्याच्या खाली जोडा.